पहिल्या भागापासूनच्या आम्ही सात जणी

बेळगावच्या टिळकवाडीत माणसाची पत दोन गोष्टींवरून ठरते, असं मी बरीच वर्षं समजत होते. घर कुठल्या रस्त्यावर आहे आणि मुलं काय शिकली. इथं राहायला आल्यावर कळलं की तिसरीही एक गोष्ट आहे आणि ती पहिल्या दोन्हींना पुरून उरते. तुम्ही मालिका कितव्या भागापासून बघताय?

मालिका कुठली ते सांगत नाही. अकरा वर्षं चालली, संध्याकाळी साडेसातला लागायची, आणि एवढ्यावर ज्यांना ओळखता आली नाही त्यांनी पुढं वाचलं नाही तरी चालेल. बघा, अजून सवय जात नाही. बसा, बसा. सगळ्यांसाठीच लिहिलंय.

गोष्ट साधीच होती. एक गरीब घरची मुलगी मोठ्या खटल्यात लग्न होऊन येते, तिला सासू छळते, जावा छळतात, मग तीच घर सांभाळते, आणि अकरा वर्षांनी तिलाही सुना येतात. यात काय बघायचं, असं माझे यजमान रोज विचारायचे आणि रोज सव्वासातला मला दारापर्यंत सोडायला यायचे. मी गेले की त्यांना बातम्या लावता यायच्या.

आम्ही सात जणी वकीलीणबाईंच्या बंगल्यात जमायचो. त्यांचा दिवाणखाना मोठा, टीव्ही त्याहून मोठा. तिथं बसायच्या जागा ठरलेल्या होत्या. सोफा पहिल्या भागापासून बघणाऱ्यांचा. खुर्च्या जरा उशिरा आलेल्यांच्या. मधूनच कधीतरी बघायला लागलेल्या, म्हणजे कुणाची पाहुणी वगैरे आली तर, खाली सतरंजीवर. आणि ज्या मोबाईलवर बघतात त्यांना तर आम्ही प्रेक्षकच धरत नव्हतो. जाहिराती न सोसता, उद्यापर्यंत वाट न बघता, पाहिजे तेव्हा पाहिजे तेवढं बघायचं, याला काय बघणं म्हणतात? ते म्हणजे उपास सोडायच्या आधीच फराळ करण्यासारखं. एकदा दंतवैद्यांच्या आईच्या तोंडून चुकून निघून गेलं की काल राहिलेला भाग त्यांनी नातीच्या मोबाईलवर बघितला. आठवडाभर त्यांना सतरंजी मिळाली. गुडघेदुखीचं कारणसुद्धा आम्ही ऐकून घेतलं नाही.

बोलायचं फक्त जाहिरातीत. मालिका सुरू असताना शिंकसुद्धा पदरात.

खरं सांगायचं तर हळूहळू सगळ्याच सोफ्यावर आल्या होत्या. खुर्च्या रिकाम्याच असायच्या. बँकेतून निवृत्त झालेल्या बाईंनी एकदा जाहीर केलं की त्याही पहिल्या भागापासूनच बघतात, आधी सांगायचं राहून गेलं होतं. मग आणखी एकीला आठवलं. दोन वर्षांत साती जणी पहिल्या भागापासूनच्या झाल्या आणि सोफा पुरेना, म्हणून खुर्च्या सोफ्याच्या रांगेत ओढल्या.

या सातांत माझी जागा सगळ्यात वरची. सोफ्यासमोर नव्हे, सोफ्याच्या शेजारी, हाताची वेताची खुर्ची. ती मला कशी मिळाली ते सांगायला हवं, कारण सगळी गोम त्या खुर्चीतच आहे.

मी शाळेत गणित शिकवायची. चिकोडीकडच्या एका गावात नोकरीची शेवटाकडची काही वर्षं गेली, मग बदली होऊन बेळगावात आले. वकीलीणबाईंच्या बैठकीत पहिल्या दिवशी मी निमूटपणे सतरंजीवर बसले होते. जाहिरात लागली तशी चर्चा सुरू झाली, धाकटी जाऊ दागिने कुठं लपवणार? मी म्हणाले, ती लपवणारच नाही, ती ते सासूच्याच कपाटात ठेवणार. दुसऱ्या दिवशी तसंच झालं. त्या आठवड्यात मी आणखी चार भविष्यं सांगितली आणि चारही खरी निघाली. महिनाभरात मी वेताच्या खुर्चीत होते. वर्षभरात गल्लीतल्या बायका मला रस्त्यात थांबवून विचारायला लागल्या, "बाई, तो परदेशातला दीर जिवंत आहे का हो?" मी डोळे मिटायचे, जरा थांबायचे आणि म्हणायचे, "आहे. पण स्मृती गेलीय."

"तुम्हाला कळतं कसं?" वकीलीणबाई विचारायच्या.

"पहिल्या भागापासून बारकाईनं बघितलं की अंदाज येतो," मी सांगायची.

थाप. शुद्ध थाप. मी पहिला भाग बघितलाच नव्हता. म्हणजे बघितला होता, पण कन्नडमध्ये.

ही मालिका मूळची कन्नड. तिकडं वर्षभर आधी सुरू झाली, मग मराठीत आली. चिकोडीकडं मी ज्या घरात भाड्यानं राहायची तिथल्या आक्का रोज साडेसहाला टीव्ही लावायच्या आणि मला हाक मारायच्या, "बर्री बाई, कूडरी." या, बसा. मी वह्या तपासता तपासता बसायची. माझं निम्मं कन्नड त्या सासू-सुनांच्या भांडणातून आलंय. अजूनही मला कन्नडमध्ये भाजीचा भाव करण्यापेक्षा टोमणा मारायला सोपं जातं. बेळगावात आल्यावर मला समजलं की मराठीत हीच गोष्ट वर्षभर मागं चालली आहे. मग काय, घरी दार लावून, आवाज बारीक करून साडेसहाला कन्नड बघायची आणि साडेसातला वकीलीणबाईंकडं जाऊन भविष्य सांगायचं. पुढं कन्नड मालिका बंद पडली, मराठी तिच्या वाटेनं चालत राहिली आणि माझी भविष्यं चुकायला लागली. तेव्हा मी म्हणाले, "लेखक बदललाय. माझा दोष नाही." ते सगळ्यांना पटलं. खुर्ची टिकली.

हे आधीच का नाही सांगितलं? कारण वकीलीणबाई. त्यांचं घर मराठीच्या बाबतीत फार कडक. कन्नड मालिकेचा विषय निघाला की त्या म्हणायच्या, "आपलीच चोरली त्यांनी." कुणी कुणाची चोरली हे मला चांगलं ठाऊक होतं, पण वेताची खुर्ची बसायला फार आरामशीर होती. शिवाय मी मूळची सांबऱ्याची, बेळगावाजवळच्या खेड्यातली. टिळकवाडीत आल्यापासून 'न्हाय'चं 'नाही' आणि 'लई'चं 'फार' करून बसले होते. जी बाई आपली बोलीच झाकून ठेवते तिला एक मालिका झाकून ठेवणं काय अवघड?

आता अबोलीचं प्रकरण सांगते. आमच्यात कुणीतरी विचारलं होतं की पहिल्या भागात नायिका सासरी येते तेव्हा तिच्या हातात काय असतं. मी लगेच सांगितलं, "अबोलीचं रोप. पत्र्याच्या डब्यात. आईनं दिलेलं." मला तो प्रसंग स्वच्छ आठवत होता. ती उंबऱ्यावर उभी, डब्यातून चिखल गळतोय, सासूचं तोंड वाकडं.

"हो हो, अबोलीच," बँकेतल्या बाई म्हणाल्या.

"चिखल सांडला होता," दंतवैद्यांच्या आई म्हणाल्या.

"मी तर पाच मिनिटं रडत होते," वकीलीणबाई म्हणाल्या.

आणि मग अबोली आमची खूण झाली. साती घरांच्या दारात पत्र्याच्या डब्यात अबोली लागली. मालिकेचा वाढदिवस आला की आम्ही साती जणी अबोलीचा गजरा माळून जमायचो. रस्त्यानं जाताना लोक बघायचे, कुणाचं लग्न आहे की काय म्हणून.

मालिका संपायचा शेवटचा आठवडा आला. त्या सोमवारी दुसऱ्या एक आक्का आल्या, निपाणीच्या.

माझ्याच इमारतीत, बरोबर माझ्या डोक्यावरच्या घरात त्यांच्या मुलानं जागा घेतली होती. निपाणीतलं जैन घर, तंबाखूचा जुना व्यापार. आक्कांच्या सासूबाई वारल्यावर मुलानं आईला इकडं आणलं होतं. आक्का पन्नाशी ओलांडलेल्या, ठेंगण्या, डोक्यावर पदर, हातात स्टीलचा डबा. वकीलीणबाईंच्या दारात उभ्या राहून म्हणाल्या, "तुमी समद्या मिळून बघताय म्हणं. मलाबी बसू द्या की. पाच-सा दिस ऱ्हायल्यात. मी बी पयल्यापास्नं बघतो."

आमच्याकडच्या खेड्यापाड्यांत बायकाही 'बघतो, जातो' म्हणतात. मीही लहानपणी म्हणायची. सोफ्यावर दोघीतिघी एकमेकींकडं बघून हसल्या.

"पहिल्यापासून म्हणजे कितव्या भागापासून?" वकीलीणबाईंनी विचारलं.

"पयल्या."

"असं सगळेच म्हणतात," बँकेतल्या बाई म्हणाल्या. आता यावर मी काय बोलणार?

नवीन कुणी आलं की प्रश्न विचारायचे, ही आमची पद्धत. प्रश्न काढायचं काम अर्थात माझं. आक्कांना बसायलाही सांगितलं नव्हतं. मी चार प्रश्न विचारले. मोठ्या जावेचं माहेर कुठलं, सासऱ्यांनी घर कुणाच्या नावावर केलं, असले. आक्कांनी उभ्या उभ्या चारही सांगितले, वर त्या दिवशी सासूनं कुठल्या रंगाचं लुगडं नेसलं होतं तेही. सोफ्यावर चुळबुळ झाली. मग मी पाचवा, ठेवणीतला प्रश्न काढला.

"पहिल्या भागात ती सासरी आली, तेव्हा हातात काय होतं?"

"बरणी," आक्का म्हणाल्या. "लोणच्याची. चिनी मातीची. आईनं वर फडकं बांधून दिल्याली."

सहा जणी खदखदून हसल्या. वकीलीणबाईंनी तर दारातल्या अबोलीकडं बोट दाखवलं. "अहो, अबोली! अबोलीचं रोप!"

आक्का गोंधळल्या नाहीत. शांतपणे म्हणाल्या, "अबोली कन्नडमधी हुती की ओ. मराठीत बरणी."

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच. गेली कित्येक वर्षं मी साती घरांत कन्नड मालिकेतली अबोली लावली होती आणि ती मराठी म्हणून वाढत होती.

"म्हणजे तुम्ही कन्नड बघता," वकीलीणबाई म्हणाल्या. "मग बरोबर आहे. सगळा घोळ झालाय तुमच्या डोक्यात."

आक्का माझ्याकडं बघत होत्या. त्यांनाच काय, त्या खोलीत सगळ्यांनाच माहीत होतं की निकाल माझा. 'उत्तर बरोबर आहे' एवढे तीन शब्द म्हणायचे होते. तीस वर्षं मुलांच्या वह्यांवर लाल शाईनं बरोबरच्या खुणा केल्या मी. आणि त्या दिवशी म्हणाले, "पुन्हा कधीतरी या. सध्या जरा जागेची अडचण आहे."

"पुना कवा?" आक्का म्हणाल्या. "शनवारी संपतीया न्हवं. सासूबाय गेल्या, एकटीला बघवंना झालंय, म्हणून आल्तो." मग डबा टेबलावर ठेवला. "शेंगाच्या पोळ्या हाईत. खावा."

आणि गेल्या. मला सांगायला लाज वाटते, पण आम्ही त्या पोळ्या खाल्ल्या. दाण्याचं कूट आणि गूळ भरलेल्या, कडेपर्यंत सारण, वर तूप. जाहिरात लागली तशी वकीलीणबाई म्हणाल्या, "पोळीला काही नाव ठेवायला जागा नाही हो." मला दुसरी पोळी गिळवली नाही. अर्धी खाल्ली.

मंगळवारी टीव्हीवर शेवटच्या भागाची झलक दाखवायला लागले. 'जिथून सुरुवात झाली तिथंच निरोप', असं मोठ्या अक्षरांत. नायिका म्हातारी झालीय, ओसरीवर बसलीय आणि तिला सासरी आल्याचा पहिला दिवस आठवतोय. म्हणजे शनिवारी पहिला भाग दाखवणार. म्हणजे त्या भल्या मोठ्या टीव्हीवर, अबोलीचे गजरे माळलेल्या सात बायकांसमोर, ती उंबऱ्यावर येणार. हातात काय घेऊन?

दुपारी यजमान झोपल्यावर मी जन्मात पहिल्यांदा मोबाईलवर मालिका बघितली. पहिला भाग सापडायला दोन मिनिटं लागली. एवढंच काम होतं. आमच्यापैकी कुणीही कधीही करू शकली असती. पण मोबाईलवर बघणं आम्हीच बाटवलं होतं, त्यामुळं माझी थाप इतकी वर्षं आमच्याच सोवळ्यात सुखरूप राहिली. ती आली. उंबऱ्यावर थांबली. हातात चिनी मातीची बरणी, वर लाल फडकं बांधलेलं.

बुधवारी मी बैठकीत सुचवून बघितलं की शेवटचा भाग प्रत्येकीनं आपापल्या घरी बघावा, भावना आवरणार नाहीत. "बाई, उलट अशा वेळीच तर एकमेकींजवळ पाहिजे," वकीलीणबाई म्हणाल्या आणि गजऱ्यांची वाटणी सुरू झाली. मग वाटलं, शनिवारी आजारी पडावं. गुरुवारी थोडं खोकूनही बघितलं. पण माझं पितळ उघडं पडणार म्हणून मी घरी पडून राहणार आणि ज्या बाईचं उत्तर बरोबर होतं ती माझ्या डोक्यावरच्या खोलीत एकटी बसणार, हे काही केल्या गणितात बसेना.

शुक्रवारी संध्याकाळी मी वर गेले. खरं सांगते, क्षमा मागायला म्हणून गेले नव्हते. त्यांनी ते कन्नडचं कुणाला सांगू नये, एवढंच विचारायला गेले होते.

दार उघडंच होतं. आतून हाक आली, "बर्री बाई, कूडरी."

इतक्या वर्षांनी ते शब्द ऐकले आणि माझ्या तोंडून आपोआप कन्नडच निघालं. आक्का हसल्या.

"मला कळल्यालं," त्या म्हणाल्या. "त्या समद्या हसल्या. तुमी न्हाय हसला. तुमी कन्नड बघितला न्हवं?"

"व्हय," मी म्हणाले. "मराठीतलं पयलं वरीस मी बघितल्यालंच न्हाय."

टिळकवाडीत आल्यापासून माझ्या तोंडून 'व्हय' पहिल्यांदाच बाहेर पडलं. फार हलकं वाटलं, चप्पल चावत होती आणि काढली असं.

टीव्ही बंद होता. समोर खाली एक चटई अंथरलेली, भिंतीला दोन तक्के टेकवलेले. मी एका तक्क्याकडं सरकले तशी आक्कांनी पटकन दुसरा पुढं केला. पहिला सासूबाईंचा.

मग त्यांनी सांगितलं. त्यांचं माहेर कोगनोळीचं, बोलणं सगळं मराठी. सासू रायबागकडची, निव्वळ कन्नड. लग्न होऊन आल्यावर आक्का कन्नड शिकल्या, पण कामापुरतं. दोघींत वैर नव्हतं, बोलणंच नव्हतं. "मीठ घाल, दार लाव, दूध आलं का. वीस वर्सं एवढंच बोललो आमी दोघी." मग ही मालिका आली. साडेसहाला कन्नड लागायची तेव्हा सासू सांगायची, सून ऐकायची. साडेसातला मराठी लागायची तेव्हा सून कन्नडमध्ये सांगायची, सासू ऐकायची. जरा थांबलं की म्हातारी ढोसायची, "मुंदेनायतु?" पुढं काय झालं?

"आता बगा," आक्का म्हणाल्या, "कन्नड वरीसभर फुडं हुती. म्हातारीला समदं ठावं असायचं. कोण मरतंय, कोण येतंय, समदं. तरीबी रोज इचारायची, मुंदेनायतु. मला लई दिस कळलंच न्हाय, ठावं असून इचारतीया का म्हणून."

त्यांनी सासूबाईंचा तक्का जरा सरळ केला.

"कन्नड बंद पडली तवापास्नं तर समदी भिस्त माझ्यावरच. आता ती गेली. मी टीव्ही लावतो, बघतो, आन् सांगाय तोंड उघडतो. कुणाला सांगू? म्हणून तुमच्यात येऊन बसाय बघत हुतो. सांगायचं नसू दे, कुणीतरी शेजारी असलं तरी चाललं म्हटलं."

मला रडू आलं. उगीच शब्द फिरवत नाही, आलं. ज्या मालिकेवरून आम्ही कोण वर बसायचं आणि कोण खाली ते ठरवत होतो, तिच्यावर या बाईनं एक मुका संसार बोलता केला होता. आणि मी तिला जागेची अडचण सांगितली होती. जे विचारायला आले होते ते राहूनच गेलं. मी म्हणाले, "उद्या सात वाजता तयार ऱ्हावा आक्का. मी न्यायला येतो."

शनिवारी सव्वासातला आम्ही दोघी वकीलीणबाईंच्या दारात होतो. आत सहा डोकी, सहा गजरे. सातवा माझ्यासाठी ताटलीत ठेवलेला. आक्कांना बघून वकीलीणबाईंच्या भुवया वर गेल्या. मी दारातूनच बोलायला लागले, कारण खुर्चीत बसले असते तर उठवलं नसतं.

"सोमवारी यांचं उत्तर बरोबर होतं. बरणीच होती. मी पहिला भाग तेव्हा मराठीत बघितलाच नव्हता. पहिलं वर्षच बघितलेलं नाही. कन्नड बघत होते मी. अबोली तिथली. आणि माझी भविष्यंसुद्धा तिथलीच."

जाहिरातीत एक मुलगी भांडी घासत हसत होती.

"बाई, थट्टा करताय," वकीलीणबाई म्हणाल्या.

"थट्टा नाही. आता पंधरा मिनिटांत टीव्हीच सांगेल."

आता मला हाकलणार, असं वाटलं. पण दंतवैद्यांच्या आई अचानक म्हणाल्या, "मग मीही सांगून टाकते बाई. मी दुसऱ्या वर्षापासून बघतेय. मोतीबिंदू काढला त्यानंतर." बँकेतल्या बाईंनी घसा साफ केला. त्यांची तेव्हा बदली झाली होती आणि तिथं चॅनेल यायचा नाही. दोघींच्या घरी सुनांची बाळंतपणं होती. एकीनं तर सरळ सांगितलं की तिला पहिलं वर्ष कंटाळवाणं वाटायचं. एकेक थाप अशी बाहेर पडत होती आणि दर थापेला हसू वाढत होतं. शेवटी सगळ्या वकीलीणबाईंकडं बघायला लागल्या.

"आमच्याकडं केबलच उशिरा आली," त्या अगदी हळू म्हणाल्या.

"पण तुम्ही पाच मिनिटं रडला होता ना?" मी विचारलं.

"तुम्ही सांगितलंत तेव्हा रडले की! चिखल गळत होता म्हणालात."

म्हणजे सात जणींत पहिल्या भागापासूनची एकही नव्हती. जी होती तिला आम्ही दारातून परत पाठवलं होतं. मी आक्कांना वेताची खुर्ची दाखवली. त्यांनी मान हलवली. "मला खुर्चीत बसून कळंना झालंय," म्हणाल्या आणि सतरंजीवर भिंतीला टेकून बसल्या. शेजारी एका माणसाची जागा सोडून. ती जागा कुणाची ते त्या खोलीत फक्त मला माहीत होतं.

मालिका लागली. सगळ्या गप्प. नियम तो नियम. नायिका ओसरीवर आली, डोळे पुसले, आणि पडद्यावर जुना दिवस उजाडला. उंबरा. पावलं. बरणी. लाल फडकं. माझ्या रांगेतल्या सहा डोक्यांवरचे गजरे एकाच वेळी हलले, पण कुणी अवाक्षर काढलं नाही. मी आक्कांकडं बघितलं. त्यांचे ओठ हलत होते. आवाज नव्हता. सांगत होत्या, पण कुणाला सांगायचं ते कळत नव्हतं.

मी खुर्चीतून उठले. माझे गुडघे काही दंतवैद्यांच्या आईपेक्षा चांगले नाहीत, पण हात टेकत टेकत सतरंजीवर बसले, त्या सोडलेल्या जागेत. आणि भर मालिकेत, जाहिरात नसताना, मोठ्यानं विचारलं, "मुंदेनायतु?"

आक्का दचकल्या. माझ्याकडं बघितलं, मग टीव्हीकडं, मग पुन्हा माझ्याकडं. मला सगळं दिसत होतं, सगळं कळत होतं, हे त्यांनाही कळत होतं. मग पदर सावरून त्या हळूच सांगायला लागल्या. कन्नडमध्ये. बरणी कुणी दिली, फडकं कुठल्या लुगड्याचं, सासूनं ती कुठल्या फडताळात ठेवली आणि कितव्या वर्षी ती फुटली. पहिल्यांदा कुजबुज होती, मग आवाज सुटला. नायिका पडद्यावर निरोप घेत होती आणि आक्का भरभरून सांगत होत्या.

आता वकीलीणबाई ओरडणार, म्हणून मी मान वळवली. त्या सोफ्यावरून पुढं झुकल्या होत्या, एक हात कानामागं धरून. कपाळाला आठी होतीच.

"बाई, तो टीव्ही जरा कमी करा की," त्या म्हणाल्या. "यांचं ऐकू येईना."